अंगठ्याचा साक्षीदार

सरांबद्दल मी लिहावं की नाही, ह्याचा गेले दोन महिने विचार करतो आहे. आमच्या घरात पत्रापेक्षा मोठं काही कोणी लिहिलेलं नाही, आणि पत्रंही बहुतेक दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत असताना आवडत्या शिक्षकांवर निबंध लिहून चांगले गुण मिळवले होते, पण तो निबंध गाइडमधून पाठ केलेला होता. त्यातले शिक्षक कोणाचेच नव्हते. हे तसं नाही. ह्यात मी स्वतः चुकलेलो आहे, आणि चुकलेल्या माणसाने दुसऱ्याचं चित्र काढायला बसावं हे मला बरोबर वाटत नाही. तरी लिहितो. वाचणाऱ्यांनी माफ करावं. सरांनी माफ करावं असं म्हणायला अजून जीभ उचलत नाही.

घाटकोपरला डोंगरावर आमची वस्ती आहे. तिच्या पायथ्याशी म्युनिसिपालटीची शाळा. सर तिथे चौथीला शिकवायचे. मला त्यांनी शिकवलं, माझ्या पाठोपाठ माझ्या बहिणीला, सुलभाला शिकवलं. राहायला मुलुंडला होते. लग्न केलेलं नव्हतं असं ऐकलं होतं, विचारायची कोणाची हिंमत नव्हती. दुपारच्या सुट्टीत दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे खायचे, आणि केळ्याची सालं कागदात गुंडाळून पिशवीत परत न्यायचे. आमच्याकडे कचरा कुठेही टाकतात, मग हे सालं मुलुंडला का नेतात, हे आम्हाला मोठं कोडं होतं.

आणखी एक म्हणजे ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. वस्तीत बाप मुलाला शिवी देऊनच हाक मारणार, आणि हे नऊ वर्षांच्या पोराला म्हणणार, "अहो, आपण पाटी पुसा." सुलभाला 'सुलभाबाई'. त्यामुळे त्यांचं नाव 'अहो मास्तर' पडलं. पोरं त्यांच्या तोंडावर "अहो मास्तर, आपण जरा बाजूला व्हा" म्हणायची आणि पळायची. सर खरोखर बाजूला व्हायचे.

त्यांची हजेरी घेण्याची पद्धत मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावंही ते रोज पुकारायचे. पटावरून ती कापलेली असायची, म्हणून सरांनी वेगळ्या वहीत उतरवून घेतली होती. नाव घ्यायचे, एक श्वास थांबायचे, मग गैरहजर मांडायचे. वर्गातली पोरं तेवढ्यात उत्तर द्यायची.

"गॅरेजला, सर."

"भांडी घासते, सर, पंतनगरला."

"गावाला पळाला."

पोरं हसायची, मीही हसायचो. हेडमास्तरांनी एकदा दारात उभं राहून विचारलं, "ही कसली हजेरी घेता हो? ती मुलं आपली नाहीत आता."

"आहेत कुठे ते विचारतोय फक्त," सर म्हणाले, आणि पुढचं नाव घेतलं.

वर्ष संपेपर्यंत त्या वहीतली नावं वर्गातल्या नावांच्या निम्म्यावर जायची. तेव्हा मला ह्याचं काही वाटलं नाही.

दुपारी शाळा सुटल्यावर त्याच खोलीत सर बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. सरकारकडून त्यासाठी एक चित्रांचं पुस्तक आलेलं होतं. त्यात पहिल्या पानावर कमळ होतं. सरांनी ते कपाटात ठेवून दिलं. "अहो, ह्या बायकांना कमळ कुठे भेटणार?" असं म्हणून ते औषधाच्या बाटल्या, रॉकेलच्या दुकानाची पाटी, इस्पितळाचा केसपेपर असलं काय काय वाचायला आणायचे. पहिल्या दिवशी प्रत्येक बाई एकच सांगायची, "मास्तर, मला माझं नाव लिहायला शिकवा." सर मान हलवायचे.

"नाव शेवटी. तुमचं नाव तुम्हाला माहीत आहे. जे माहीत नाही ते आधी."

ह्या हट्टापायी बायका टिकत नसत. पलीकडच्या चाळीत एका मंडळाने पंधरा दिवसांत सही शिकवण्याचा वर्ग काढला होता, शेवटी स्टीलचा डबा देत. तिकडे चाळीस बायका आणि सरांकडे सात. त्या सातांत माझी आई होती. वडील गिरणी बंद पडल्यावर गावी गेले ते तिकडेच राहिले. आई घाटकोपर पूर्वेला चार घरी कामं करायची आणि तिथून थेट वर्गाला यायची.

एक दिवस ती सरांना म्हणाली, "मास्तर, आज मी एक पाटी वाचलंय. कोणाक इचारूक नाय."

"कोणती?"

आईने कामाच्या बिल्डिंगमधली पाटी तोंडपाठ सांगितली. नोकरांनी मागच्या जिन्याने जावे. सहा वर्षं ती त्या पाटीखालून जात होती. मागच्या जिन्याने जायचं हे तिला पहिल्या दिवशीच वॉचमनने सांगितलं होतं, पण ते तिथे लिहिलेलं आहे हे तिला आता कळलं. मी आईला न्यायला गेलो होतो, दारातच उभा होतो. सर हातातला खडू फिरवत म्हणाले, "वाचता यायला लागलं की हेही वाचावं लागतं, बाई. इलाज नाही."

पण सर आमच्याकडे सगळ्यांना माहीत होते ते दुसऱ्याच कारणासाठी. सरकारी कागदावर अंगठा उठवला की तो एकटा चालत नाही. त्याच्या शेजारी लिहिता-वाचता येणाऱ्या कोणाची तरी सही लागते, साक्षीदार म्हणून. अख्ख्या वस्तीच्या अंगठ्यांना सर साक्षीदार. पिशवीत शाईचा पॅड आणि पुसायला फडकं कायम असे. मात्र कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ते सही करत नसत. मोठ्याने म्हणजे वर्गात कविता म्हणतात तसं. रेशनिंग ऑफिसात एकदा त्यांनी एका म्हातारीचा तीन पानी अर्ज वाचायला घेतला, तळाला छापखान्याचं नाव होतं तेसुद्धा वाचलं. मागची रांग बोंबलायला लागली.

"ओ मास्तर, कीर्तन आहे काय? वाट लागली ना आमची."

"आजींना कळू द्या, कशावर अंगठा देतायत ते," सर म्हणाले, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.

मला त्यांची ही सवय पुढे नकोशी झाली. अकरावी-बारावी झाली, मी बी.ए.ला आलो. फी-सवलतीच्या अर्जावर पालकांची सही हवी होती. मी आईचा अंगठा घेऊन गेलो. खिडकीतल्या क्लार्कने अर्ज उलटा धरून बघितला.

"हे काय? अंगठ्याला साक्षीदार लागतो. सही-पत्ता घेऊन ये."

माझ्या मागे दोन मुलं उभी होती. एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "अंगठाछाप फॅमिली, यार." फार वाईट बोलला असं नाही, सहज बोलला. पण मी अर्ज घडी करून खिशात घातला आणि मागे न बघता निघालो. आईला घेऊन सरांकडे गेलो. शेवटची तारीख होती. सर शाळेच्या ओट्यावर बसून चार पानं वाचत राहिले. "अर्जदाराने खोटी माहिती दिल्यास..." आई पदर सावरून देवळात बसल्यासारखी ऐकत होती. मी घड्याळ बघत होतो. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो.

त्या गणपतीत मी आईला सही शिकवली.

मला वाटलं होतं फार वेळ लागेल. आठ दिवस लागले. रुक्मिणी ह्या नावात जोडाक्षर आहे, ते तिला अवघड जाईल असं मला वाटत होतं, पण ती रांगोळी काढते तशी काढायची. इथून वर, इथे गाठ, इथून खाली. पाटीवर, मग पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कडेला, मग पेनने. ज्या दिवशी पूर्ण नाव ओळीत आलं त्या दिवशी ती पाटी तिने न पुसता फळीवर देवांच्या शेजारी ठेवली. शेजारच्या बायकांना बोलावून दाखवली. मी आयुष्यात आईला काही दिलं असेल तर ते हेच, असं मला तेव्हा वाटत होतं.

पाटीवरची मोठी अक्षरं जुळवण्यापलीकडे ती अजून गेली नव्हती, तरी वर्गाला जायचं तिने सोडलं. "आता येता माका," म्हणाली.

दोन आठवड्यांनी सर घरी आले. आईने चहा ठेवला आणि सही करून दाखवली. सरांनी चष्मा वर करून बघितली.

"छान काढता. कोणी शिकवलं?"

"मी," मी म्हणालो.

सरांनी खिशातला कागद घेतला आणि तिच्याच नावातलं 'णी' त्यावर एकटं लिहिलं. "हे काय आहे, बाई?"

आई बघत राहिली. मग हसून म्हणाली, "ह्या नाय शिकवल्यान त्येनी." सरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. चहा पिऊन निघाले, मी त्यांना उतारापर्यंत सोडायला गेलो. तिथे म्हणाले, "अंगठ्याबरोबर कोणीतरी जातं हो. सही एकटी जाते. त्यांना वर्गाला पाठवा."

मी पाठवतो म्हटलं. पाठवली नाही. माझी ट्यूटोरियल होती.

सुलभा तेव्हा नववीत होती, स्टेशनजवळच्या एका हायस्कूलमध्ये. चौथीत वाया गेलेलं एक वर्ष धरून ती वर्गातल्या मुलींपेक्षा मोठी होती. गणित आणि इंग्रजी कच्चं, बाकी ठीक. मराठीच्या बाई तिच्याकडून वर्गात धडा वाचून घ्यायच्या. तिला डी.एड. करायचं होतं. तसं ती मोठ्याने कधी म्हणाली नाही, पण आमच्या पोटमाळ्याच्या लाकडावर तिने खडूने एक हजेरीपट आखला होता आणि त्यात वस्तीतल्या लहान पोरांची नावं होती.

त्या हायस्कूलचा दहावीचा निकाल चांगला लागायचा. तो कसा लागतो हे मला उशिरा कळलं. नववीच्या शेवटी कच्च्या मुलांच्या पालकांना एकेक करून ऑफिसात बोलवत. सायक्लोस्टाईल केलेला एक अर्ज पुढे करत. पाल्याला गावी नेत असल्याने त्याचे नाव पटावरून कमी करावे, ही विनंती. मुलगा दहावीला बसलाच नाही की नापासही होत नाही. अंगठेवाले पालक आले की मात्र ऑफिसवाल्यांची पंचाईत व्हायची, कारण आमच्या वस्तीतला अंगठा म्हणजे बरोबर सर येणार, आणि सर तो अर्ज ऑफिसच्या मध्यावर उभं राहून वाचणार. तसे ते दोनदा वाचून आले होते. त्या दोन्ही मुलांची नावं राहिली.

एप्रिलमध्ये आईला बोलावणं आलं. माझी परीक्षा होती, मी गेलो नाही. आई कामावरून खाडा करून, धुवट पातळ नेसून गेली. संध्याकाळी आली ती खुशीत होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय नाय. सही येता काय म्हणून इचारल्यानी. मी म्हटलंय, येता. तो क्लार्क म्हणालो, वा, अक्षर झकास."

"कशावर केलीस?"

"शाळेच्या कागदावर."

मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

जूनमध्ये सुलभा पहिल्या दिवशी नवीन रिबिनी लावून शाळेत गेली आणि अकरा वाजताच परत आली. मी घरीच होतो. ती दारात चपला न काढता उभी राहिली.

"दादा, माझं नाव नाही."

"दुसऱ्या तुकडीत असेल."

"कुठल्याच नाही. बाईंनी ऑफिसात पाठवलं. ते म्हणाले तुझ्या आईनेच काढलंय." आई आत तांदूळ निवडत होती, तिच्याकडे बघून सुलभा म्हणाली, "आई, तू मला गावी पाठवतेयस?"

ती काय विचारतेय तेच आईला कळेना. मी धावत शाळेत गेलो. क्लार्कने फाइल काढून दाखवली. रुक्मिणी, सगळी वळणं जागच्या जागी. साक्षीदाराच्या रकान्यात काहीच नव्हतं, लागतच नव्हतं.

घरी येऊन मी सांगितलं. आईने ताट बाजूला ठेवलं, फळीवरची पाटी घेतली आणि पाणी न लावता नुसत्या तळहाताने पुसली. त्यानंतर तिने आजवर सही केलेली नाही. कुठेही गेली तरी अंगठाच पुढे करते. "माका येत नाय," म्हणते.

मी सरांकडे गेलो. सगळं सांगितलं, शिकवणारा मीच हे त्यांना माहीतच होतं. ते उठले आणि माझ्याबरोबर तसेच हायस्कूलवर आले.

"त्या बाईंना असला कागद वाचता येत नाही," ते हेडक्लार्कला म्हणाले.

"सही तर आहे, मास्तर."

"सही येते. वाचता येत नाही."

"मग सही शिकवली कशाला?" हेडक्लार्क म्हणाला आणि हसला. माझ्याकडे बघून नाही, त्याला मी कोण ते माहीत नव्हतं.

सरांनी शिक्षण निरीक्षकांच्या ऑफिसला अर्ज केला. मग स्मरणपत्र. मग दुसरं. दर शनिवारी अर्धी शाळा झाली की ते तिकडे जायचे. डोंगर चढून आम्हाला सांगायला यायचे, नाहीतर मला कॉलेजच्या फाटकाशी गाठायचे. "अहो, अर्ज पुढच्या टेबलावर गेला आहे." दोन महिन्यांनी तोच अर्ज मागच्या टेबलावर यायचा. सर चिडायचे नाहीत. निघताना विचारायचे, "सुलभाबाईंचा अभ्यास?"

"चालू आहे, सर."

सुरुवातीला तो खरंच चालू होता. दिवाळीपर्यंत ती सकाळी पुस्तकं घेऊन बसायची. मग शेजारच्या मुलीबरोबर अंधेरीला एका कंपनीत गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायला जायला लागली. "नुसती बसून काय करू?" म्हणाली. सरांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर ते शनिवारचे जायचे थांबतील, आणि थांबले तर हे कायमचं झालं, असं मला वाटायचं. खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. एकदा बोललो आणि मग पुढच्या शनिवारी तेच बोलावं लागलं.

सर तिच्यासाठी गणितं लिहून पाठवायला लागले. वहीची दोन पानं, सुवाच्य अक्षरात, वर 'सुलभाबाईंसाठी'. पहिली दोन पानं तिने सोडवली. मग ती कंपनीतून येऊन जेवून झोपायची. पानं मी सोडवायला लागलो, जरा गोल, मुलीसारखं अक्षर काढून, मुद्दाम एक-दोन चुका ठेवून. सर लाल शाईने तपासून परत द्यायचे. एका पानावर लिहिलं होतं, 'भूमितीत प्रगती आहे. अशीच मेहनत करावी.' ते सुलभाने वाचलं.

"दादा, तू परत एकदा दहावी पास होणार बघ," ती म्हणाली. हसलीसुद्धा. मग ते पान तिने घडी करून आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवलं.

मे महिन्यात गावी तिचं लग्न झालं. वडिलांनी ठरवलं. मुलगा कणकवलीच्या पुढचा, घरचं थोडं भात. ती सतरा पूर्ण नव्हती. मी दोनदा नको म्हणालो. वडील म्हणाले, "शाळेत आसा काय ती? नाय ना. मग?"

जूनमध्ये सर भेटले. "सुलभाबाईंचा अभ्यास?" मी म्हणालो, चालू आहे, सर. गणितं येत राहिली, मी सोडवत राहिलो, आणि सरांना डोंगर चढून घरी यावं लागू नये म्हणून शनिवारी मीच खाली जाऊन त्यांना गाठू लागलो.

त्याच पावसाळ्यात सरांचा बायकांचा वर्ग बंद झाला. एक साहेब पाहणीला आले होते, त्यांनी वस्तीत घरोघरी सह्या घेतल्या. बहुतेक बायकांना येत होत्या. वस्ती साक्षर झाल्याचं पत्र शाळेला आलं, आणि साक्षर वस्तीत साक्षरता वर्ग चालवता येत नाही. सरांनी खोलीची किल्ली हेडमास्तरांना दिली. ते त्या महिन्यात बारीक झालेले दिसले. तरी शनिवार चुकवला नाही.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ते डोंगर चढून वर आले. धाप लागली होती, पण बसले नाहीत. हातात लांब खाकी पाकीट होतं. मी घरात होतो, आई चुलीपाशी. सरांनी कागद काढला आणि दारातच उभं राहून पूर्ण वाचला, जावक क्रमांकासकट. सदर विद्यार्थिनीचे नाव पालकांच्या पूर्ण संमतीशिवाय कमी केल्याचे दिसून येत असल्याने तिला येत्या जूनपासून इयत्ता दहावीत पुन्हा प्रवेश देण्यात यावा. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

"बोलवा सुलभाबाईंना," ते म्हणाले. "कुठे आहेत?"

मी उभा राहिलो. आईने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"सुली? तिचा लगीन झाला ना, मास्तर, मे म्हयन्यात. ह्येनी तुमका सांगूक नाय?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. कागदाची घडी घातली, ती जुळली नाही म्हणून उघडून पुन्हा घातली.

"कुठे दिली?"

"कणकवलीच्या फुडे."

"तिथे जवळ हायस्कूल आहे का, बाई?"

"आसा ना. घरासमोरच आसा," आई म्हणाली. "पण तिका आता पाचवो म्हयनो."